लाल रेघेशी भांडणारे मन्मथआप्पा

वडवणीत मन्मथआप्पांचं भांड्यांचं दुकान कुठं आहे, असं कुणा परगावच्या माणसानं विचारलं, तर बाजारपेठेतले लोक हात करून दाखवत नसत. "जरा उभं राहा आन् ऐका," म्हणत. आवाज येईल त्या दिशेनं चालत गेलं की दुकान लागायचंच.

माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. ऑनलाइन अर्ज भरून देणं, टायपिंग, झेरॉक्स अशी कामं मी करायचे. दोन्ही दुकानांच्या मधे एक पत्र्याची भिंत होती आणि तीही छतापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे आप्पांचं सगळं बोलणं माझ्या दुकानात येऊन पडायचं. कुणाच्या लेकीचं लग्न जमलं, कुणाची बोअर आटली, कुणाचा जावई रुसून बसलाय, हे मला अर्ज भरता भरता कळायचं. कधी कधी ते माझ्याच गिऱ्हाइकाच्या वतीनं उत्तर द्यायचे. मी एखाद्याला जन्मसाल विचारावं, तो आठवत बसावा, आणि पत्र्यापलीकडून आवाज यावा, "अगं, माझ्या लग्नाच्या सालचा हाय त्यो! त्याच्या बारशाचं घंगाळ आपल्याच दुकानातून गेलतं!"

ठेंगणे, अंगानं रुंद, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटण कायम उघडं. कुठलंही भांडं गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे आणि मगच द्यायचे. तपेलं असो नाहीतर चमचा. एकदा एका बाईनं प्लास्टिकचा डबा मागितला, तर सवयीनं तोही वाजवला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हे मुकं हाय. पर घ्या."

एवढं बोलणारा माणूस लिहायला मात्र घाबरायचा. दुकानाची पावती गिरिजाकाकू लिहायच्या. काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी, माहेर दिंद्रुडचं, अक्षर मोत्यासारखं. आप्पांचा लिखाणाशी संबंध यायचा तो फक्त भांड्यावर नाव घालायच्या मशीनपुरता. ते मशीन हातात धरून ते खुर्रर करत ताटावर नाव कोरायचे, आणि तालुक्यात अशी किती तरी घरं असतील, जिथं आजही त्यांची चुकीची नावं जेवायला वाढली जातात. सुनीताची 'सुनिता' तर काही विशेष नाही. एका घरी 'सप्रेम'चं 'सपरेम' झालेलं मी स्वतः पाहिलंय. सगळ्यांत गाजलेली गोष्ट कैलासच्या कळशीची. कैलास हा पिठाच्या गिरणीवाला. त्याच्या नावातल्या 'कै'वर मशीन जरा अडलं आणि पुढं एक टिंब उमटलं. कळशीवर नाव आलं, 'कै. लास'. कळशी घेऊन तो तरातरा दुकानात आला.

"आप्पा, मी जित्ता हाय!"

"मग? कळशी गळती का?"

"कळशी न्हाई गळत! पर माझ्या नावाम्होरं कैलासवासी लिवलंय तुमी!"

आप्पांनी कळशी हातात घेतली, वाजवली, डोळ्यांजवळ नेली आणि शांतपणे म्हणाले, "तुला कुनी सांगितलं बे वाचायला? पानी भर." कैलाससुद्धा हसत सुटला. कळशी त्यानं परत दिली नाही. आप्पांच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्यांची चूक माणूस घरी घेऊन जायचा आणि लोकांना कौतुकानं दाखवायचा.

पण हे सगळं बोलण्याच्या जोरावर. नुसता कागद आणि पेन पुढं आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. बँकेत सहीसुद्धा ते पाठ करून आणलेल्या चित्रासारखी काढायचे. काकूंनी मला कारण एकदा सांगितलं होतं. शाळेत असताना गाईवरचा त्यांचा निबंध गुरुजींनी मुद्दाम अख्ख्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला, जसा लिहिला होता तसाच. 'पानी', 'आनि', 'दुद'. वर्ग हसत राहिला. पोरानं दुसऱ्या दिवसापासून बापाच्या दुकानात बसायला सुरुवात केली. "तवापासून ह्यांनी कायबी लिवलं न्हाई," काकू म्हणाल्या. "लग्न ठरल्यावर मला एक चिठ्ठी आली न्हाई. निरोप यायचे, ते बी दुसऱ्याच्या तोंडी."

मग त्यांचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही हसलो. आप्पा म्हणायचे, "घसा झिजला, नवा टाकावा लागतोय." ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, वाफ झाली. आवाज चिरकत गेला, मग खरखरीत झाला, मग फुटायचाच बंद झाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे, वाईट आहे, आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. श्वाससुद्धा नाका-तोंडातून नाही, गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल.

ऑपरेशनला जाण्याआधीचा आठवडी बाजार मला आठवतो. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि उरलासुरला घोगरा आवाज लावून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होते. काम काही नसायचं. "ए दगडू!" एवढंच. दगडूनं मागं वळून पाहिलं की हात हलवायचे. एका म्हातारीबरोबर त्यांनी एका पळीवरून जी घासाघीस चालवली, ती काही केल्या संपेना. म्हातारी कंटाळून "ठेवा तुमची पळी" म्हणाली, तर तिला परत बोलावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पळी तिला फुकटच दिली. काकू आतल्या बाजूला पाठ करून भांडी पुसत होत्या. पुसलेलीच भांडी पुसत होत्या.

महिन्याभरानं आप्पा परत आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं. त्यातून येणारा आवाज त्यांनी एकदा ऐकला आणि यंत्र बाजूला सारलं. काकू म्हणाल्या, त्यांना तो पाण्याच्या मोटारीसारखा वाटला. मग दुकानात एक पाटी आली. खडू घेऊन बसले. धाडस केलं होतं त्यांनी, ते आम्हाला कुणालाच तेव्हा नीट कळलं नाही. पाटीवर लिहिलं, 'मला बोलता यत नाहि. कय पाहिजे त दाकवा.' कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला आणि बाजारपेठेच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. टाकणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. आप्पांनी फोटो पाहिला, पाटी माळ्यावर टाकली आणि दुकानाच्या आत, बंबांच्या मागं जाऊन बसले.

पत्र्यापलीकडे शांतता झाली. मला ती सहन होत नव्हती. भांडी वाजायची, पण त्यांच्यामधलं माणूस गेलं होतं.

एके दुपारी काकू माझ्या दुकानात आल्या. "खुणा करतेत. मला समजत न्हाई. मग चिडतेत, ताट आपटतेत. परवा जेवताना काय मागत होते ते शेवटपर्यंत कळालं न्हाई. मिरचीचा ठेचा मागत होते, पोरी. आन् मी दही देत बसले." त्या हसायला गेल्या आणि पदर तोंडाला लावला.

मी आप्पांना हाताला धरून माझ्या कॉम्प्युटरसमोर आणून बसवलं. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते. माझ्याकडे अर्ज लिहायला येणाऱ्यांसाठी मी ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडून ठेवलं होतं, शुद्धलेखन तपासणारं. इंटरनेटवर कुठंही काही लिहा, अर्जात, मेलमध्ये, ब्राउझरमध्ये उघडलेल्या ग्रुपवर. चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. शब्दावर माउसचं उजवं बटण दाबलं की बरोबर शब्दांची छोटी यादी पुढं येते, हवा तो निवडायचा. मी त्यांना सांगितलं, "काहीही लिहा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"आप्पा, इथं कुणी बघत नाही. चूक झाली तर फक्त तुम्हाला दिसते. धाडायच्या आधीच दिसते. दुरुस्त केली की ती होती हेसुद्धा कुणाला कळत नाही."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत, 'पानी' लिहिलं. खाली लाल रेघ आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माउस त्यांच्या हातात दिला. 'पाणी' आलं, रेघ गेली. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा 'पानी' लिहिलं. पुन्हा रेघ. पुन्हा 'पाणी'. असं ते करतच राहिले. मग नवी ओळ घेऊन लिहिलं, 'हे हसत न्हाई.'

'न्हाई'खाली लाल रेघ होती. ती त्यांनी पाहिलीही नाही.

त्या दिवसापासून आप्पा रोज दुपारी माझ्याकडे यायला लागले. थोड्याच दिवसांत माझ्या घरातला एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या गल्ल्याशेजारी बसवला आणि मी त्यातही ते एक्स्टेन्शन टाकून दिलं. आता भांडणं सुरू झाली. आप्पांची आणि लाल रेघेची. पहिलं भांडण काकूंच्या माहेरावरून. त्यांनी 'दिंद्रुड' लिहिलं आणि खाली रेघ. उजवं बटण दाबलं तर यादीत भलतेच शब्द. आप्पांनी काकूंना बोलावून स्क्रीन दाखवली आणि लिहिलं, 'तुझं माहेर चूक हाय म्हनतंय.'

"माझं माहेर चूक?" काकू कमरेला पदर खोचून पुढं झाल्या. "ह्या मशिनीला म्हनावं, एकदा येऊन बघ की आमच्याकडं. एवढं मोठं गाव हाय!"

आप्पांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, फक्त गळ्यावरचं फडकं थरथरत होतं आणि डोळ्यांतून पाणी. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसत होते. काकूंना ते आधी कळलंच नाही, त्या घाबरल्या. मग कळलं, आणि त्या तिथंच खाली बसल्या.

मी त्यांना दाखवलं की शब्द बरोबर असून मशीनला माहीत नसेल, तर तो आपण त्याच्या शब्दकोशात घालू शकतो. एकदा घातला की पुन्हा रेघ येत नाही. हे कळल्यावर आप्पांनी जो धडाका लावला! आधी दिंद्रुड घातलं. मग सगळी शेजारची गावं. मग घंगाळ, बघुलं, गुंडी, सगळी भांडी. मग रागारागात 'पानी'सुद्धा घातलं, 'आनि' घातलं, 'लोनी' घातलं. दोन दिवसांत मशीन मुकाट झालं. काहीही लिहा, रेघ म्हणून नाही. आप्पा खूश.

पुढच्या बाजारी त्यांनी ते सगळं मला दाखवलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच लिहिलं, 'पन मग ह्याचा उपेग काय?'

त्यांनी बसून यादी काढली आणि एकेक शब्द तपासला. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा. मी पाहत होते. 'पानी' काढलं. 'आनि' काढलं. 'लई'वर येऊन थांबले.

"तिथं 'खूप' लिहिता येईल, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी टाइप केलं, 'पाणी सुधारतो. माझ्या हातून चुकत होतं. पण लई माझ्या हातून चुकत न्हाई. लई म्हणजे खूप न्हाई. लई म्हणजे लई.'

'लई' राहिलं. 'न्हाई' राहिलं. 'हाय' राहिलं. 'का'च्या जागी 'कावून' राहिलं. मला वाटतं, त्या दुपारी आप्पांनी स्वतःसाठी एक भाषा ठरवली. शाळेत कुणी त्यांना ठरवू दिली नव्हती ती.

मग बाजारपेठेच्या त्याच ग्रुपवर, जिथं पाटीचा फोटो आला होता, आप्पांचा पहिला संदेश आला: 'उद्यापासून मी दुकानात पुढं बसणार हाय. बोलणार न्हाई, पण घासाघीस होईल. ज्याला भांडायचं त्याला वाचता आलं पाहिजे.' एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. आधी प्रत्येकानं तो दोनदा वाचला असावा. मग सगळेच बोलायला लागले. गिरणीवाला कैलास तर हातातलं काम टाकून, अंगावर पीठ तसंच घेऊन बघायला आला की काकूंनी तर लिहून दिलं नाही ना. आप्पांनी त्याच्यासमोर लिहून दाखवलं, 'घरी जा. गिरणी कोण बघतंय?'

स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायची त्यांची पद्धत तेव्हापासूनची. बाई म्हणायची, "लई महाग सांगता आप्पा." इकडून टकटक. बाई मान पुढं करून वाचायची. वाचता येत नसेल तर शेजारची वाचून दाखवायची, आणि मग त्या घासाघिशीत सगळं दुकान सामील व्हायचं.

रेघेवर त्यांचा फार विश्वास बसला होता तेव्हा एकदा फजिती झाली. बाजारातल्या कापडवाल्याचे वडील वारले. ग्रुपवर सगळे श्रद्धांजली लिहीत होते. आप्पांनी लिहिलं, 'तुमच्या दूखात आम्ही सहभागी आहोत.' रेघ आली. बटण दाबलं आणि यादीतला पहिला शब्द घेतला. रेघ गेली. धाडून दिलं. सगळ्या बाजारपेठेनं वाचलं, 'तुमच्या सुखात आम्ही सहभागी आहोत.'

काकूंनी वाचून डोक्याला हात लावला. आप्पा चप्पल न घालता उठले आणि कापडवाल्याच्या घरी जाऊन दारात हात जोडून उभे राहिले. बोलता येत नव्हतं, कॉम्प्युटर जवळ नव्हता. नुसते उभे. तो बिचारा सुतकातला माणूस, तो त्यांना आत घेऊन गेला. म्हणाला, "आप्पा, सकाळपासून सगळे सारखंच लिहितेत. तुमचं वाचून मला एकदम बाबा आठवले. ते लई हसले असते." आप्पा त्याच्याजवळ सूर्य कलेपर्यंत बसून राहिले.

दुकानात आल्यावर त्यांनी मला लिहून दाखवलं, 'ह्या रेघेला अक्षर कळतं. माणूस कळत न्हाई. ते आपण बघायचं.' त्यानंतर काही महत्त्वाचं असलं की रेघा घालवून झाल्यावर ते काकूंना मोठ्यानं वाचायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. काकू वाचत असताना त्यांचे ओठ हलायचे.

घशाच्या ऑपरेशनवाल्यांचा एक ग्रुप होता, दवाखान्यात ओळख झालेल्या पेशंटच्या घरच्यांनी बनवलेला. आप्पा त्यावर पडीक असायचे. फडकं कसं धुवायचं, अंघोळीला गळ्यावर काय बांधायचं, ठसका लागला तर काय. लोक घाबरून विचारायचे, आप्पा समजावून लिहायचे. तिथं एका दिवशी युसूफ वडगावच्या रेणुका नावाच्या मुलीनं लिहिलं. तिचे वडील सोपानराव, मेंढपाळ. त्यांना तोच आजार. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय, पण ते जायला तयार नाहीत. म्हणतात, माझी मेंढरं माझ्या हाकेवर चालतात. हाक गेली तर ती मला कशी वळखणार? मेंढरं गेल्यावर मी जगून काय करू? रेणुकानं शेवटी लिहिलं होतं, 'कुणीतरी त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत.'

ग्रुपवर भराभर उत्तरं आली. जीव महत्त्वाचा. हट्ट करू नका. देवावर विश्वास ठेवा. कुणीतरी लिहिलं, शिट्टी मारायला शिका. आप्पांनी ते वाचून कपाळावर हात मारला. ऑपरेशननंतर तोंडातून वारंच येत नाही, शिट्टी कुठली वाजणार?

दोन-तीन दिवस त्यांनी काहीच लिहिलं नाही. बाजाराच्या दिवशी मी पाहिलं, ते दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्या-मेंढरांकडे बघत होते. मधेच हातातलं ताट वाजवायचे. जनावरं माना वळवायची. परत वाजवायचे. गिऱ्हाईक आत उभं, ह्यांचं लक्ष नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ते लिहायला बसले. मी आणि काकू शेजारी. लिहायचे, पुसायचे. प्रत्येक लाल रेघेपाशी थांबायचे. एरवी कंटाळून एखादी सोडून दिली असती, पण त्या दिवशी नाही. मी म्हणाले, "आप्पा, समजेल त्यांना. एवढं कशाला?"

त्यांनी नवी खिडकी उघडून मला लिहिलं, 'सोपान वाचणार न्हाई. त्याला वाचायचा कंटाळा आसंल. पोरगी त्याला मोठ्यानं वाचून दाखवणार. ती कुठं अडखळली, तर तो उठून मेंढरांकडं जाईल. मग परत बसणार न्हाई.'

म्हणून 'शीट्टी'ची 'शिट्टी' झाली, 'दवाखाण्यात'चं 'दवाखान्यात' झालं, 'वाजीवा'चं 'वाजवा' झालं. आणि 'लई', 'न्हाई', 'वळखतात' जसेच्या तसे राहिले, कारण ते सोपानरावांच्या कानावर पडायचे होते. काकूंनी मोठ्यानं वाचलं. मला ते अजून पाठ आहे:

'सोपानराव, रामराम. मी वडवणीचा मन्मथ, भांडीवाला. माझा आवाज कापून काढला. खोटं सांगत न्हाई, लई वाईट वाटतं. पहिल्या दिवशी वाटलं की आपण हाय का न्हाई. शिट्टीबी वाजणार न्हाई, कुणी सांगत आसंल तर ऐकू नका. पण मेंढरांचं सांगतो. ती तुमाला वळखतात. हाक ही त्यांना लागलेली सवय हाय, आन् सवय दुसरी लावता येती. तारखेला अजून वेळ हाय. आजपासून हाक मारली की जोडीनं ताट वाजवा. दर वेळी. मग एक दिवस हाक मारू नका, नुसतं ताट वाजवा आन् बघा. आली तर दवाखान्यात जा. न्हाई आली तर मला पोटभर शिव्या द्या. मी उलटून बोलणार न्हाई.'

शेवटच्या वाक्याला काकू वाचता वाचता थांबल्या. आप्पांनी हातानं खूण केली, वाच पुढं. काकूंनी ते वाक्य पुरं केलं. त्यांनी धाडून दिलं.

मग उठले आणि दुकानातली ताटं वाजवायला लागले. स्टीलचं, पितळेचं, जाड, पातळ. वाजवायचे, आवाज विरेपर्यंत ऐकायचे, ठेवून द्यायचे. शेवटी वरच्या फळीवरून काशाची एक थाळी काढली. तिच्यावर पेर आपटलं आणि तो आवाज माझ्या दुकानात, रस्त्यावर, पलीकडच्या झाडापर्यंत गेला. केजच्या गाडीनं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती ती युसूफ वडगावला पाठवली.

बरेच दिवस काही कळलं नाही. आप्पा दिवसातून कितीदा तरी ग्रुप उघडून बघायचे. तारीख जवळ येत चालली होती. काकू म्हणायच्या, "जेवून घ्या आधी." ते ताटावर बसायचे आणि परत उठायचे.

रेणुकाचा व्हिडिओ आला तेव्हा मी माझ्या दुकानात होते. पत्र्यावर जोरजोरात थापा पडल्या. मी धावत गेले. स्क्रीनवर माळरान, विखुरलेली मेंढरं. कडेला पागोटं घातलेला एक उंच माणूस, तोंड घट्ट मिटलेलं. त्यानं थाळी वाजवली. काही झालं नाही. परत वाजवली. एक मान वर आली. मग दुसरी. मग सगळा कळप वळला आणि त्याच्याकडे चालू लागला. मेंढरं त्याच्या गुडघ्यांशी येऊन भिडली. तो माणूस खाली बसला आणि एका मेंढीच्या मानेत तोंड खुपसून राहिला. पाठीमागून रेणुका रडत म्हणत होती, "आली ना बाबा! आली ना! आता तर चला!"

आप्पांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

सोपानराव ऑपरेशनला गेले. आप्पा आणि काकू दवाखान्यात जाऊन आले. काकू सांगत होत्या, दोघं एकमेकांचा हात धरून बसले, आणि दोघांनाही उठायचं नव्हतं. ऑपरेशन नीट झालं. तब्येत सुधारली, आणि बाजाराच्या दिवशी सोपानराव वडवणीला येऊ लागले. आप्पांनी त्यांना कीबोर्ड शिकवायला घेतला.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी बीडला गेली आणि मी दुकान बंद केलं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आप्पांकडे गेले. बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या पायरीवर चांगली गर्दी जमलेली. मला वाटलं काही झालं की काय. बायका, माणसं, सगळे माना उंचावून आत स्क्रीनकडे बघत होते, आणि एक जण मोठ्यानं वाचून दाखवत होता. आत एकाच कीबोर्डवर आप्पा आणि सोपानराव भांडत होते. सोपानरावांचं म्हणणं, मेंढरं हुशार आहेत म्हणून आली. आप्पांचं म्हणणं, थाळी माझ्या दुकानची होती म्हणून आली. सोपानरावांनी काहीतरी लिहिलं, लाल रेघांनी ओळ भरून गेली. आप्पांनी एका शब्दावर बोट ठेवलं. सोपानरावांनी ते बोट झटकून टाकलं आणि ओळ तशीच ठेवली. वाचणाऱ्यानं वाचलं आणि सगळी पायरी हसायला लागली. आप्पांचे खांदे हलत होते. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. हातात पिशव्या घेऊन मी गर्दीच्या मागं उभी होते. माझी गाडी सुटायला आली होती, मला एवढंच म्हणायचं होतं की आप्पा, येते. मी तोंड उघडलं. त्यांनी डावा हात वर केला, पंजा उघडा धरला, थांब म्हणून. आणि दुसऱ्या हातानं टाइप करत राहिले. त्यांचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.